७०-२०० एफ २.८ लेन्स, नऊ महिन्यांनंतर: एक काळा कुत्रा आणि बरेच घोडे

माझ्या आजोबांचा नाशकात टांगा होता. घोडीचं नाव चंद्री. तिच्याबद्दल घरात अजून बोलणं निघतं, पण तिचा एकही फोटो नाही. ही रुखरुख माझ्या मनात लहानपणापासून आहे. जनावरांचे फोटो नीट काढायला शिकायचंच असं ठरवून गेल्या एप्रिलमध्ये मी ही ७० ते २०० एमएमची झूम लेन्स घेतली. सेकंडहँड, ४८ हजारांना. बॉडी (म्हणजे कॅमेरा) माझी जुनीच, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची डीएसएलआर. हल्लीचे कॅमेरे जनावराचा डोळा आपोआप पकडतात, तशी सोय तिच्यात नाही.

सराव घरच्या वाघ्यावर केला. वाघ्या गावठी, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा. पहिल्या महिन्यातले जवळजवळ सगळे फोटो मी पुसले. कुत्रा पळतोय म्हणून शटर १/५०० सेकंदावर ठेवायचो आणि पंजे धुरकट यायचे. बसलेल्या कुत्र्याला १/२५० पुरतं, पण आपल्या दिशेने धावत येणाऱ्याला १/१६०० च्या खाली जाऊ नये, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर हवा आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्यावं. हा एक बदल केला आणि चांगल्या फोटोंची संख्या लगेच वाढली.

दुसरा धडा एफ २.८ चा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा: एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. एवढे पैसे मोजलेत तर लेन्स पूर्ण उघडीच वापरायची, असा माझा हट्ट होता. पण अडीच मीटरवरून २०० एमएमला एफ २.८ ठेवलं तर जेमतेम दोन सेंटीमीटरची पट्टी स्पष्ट येते. कुत्र्याचं थोबाड त्याहून कितीतरी लांब. डोळा आला तर नाक गेलं, नाक आलं तर डोळा गेला. आता जवळून काढताना मी एफ ५.६ वर जातो आणि फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवतो.

काळ्या अंगाचं गणित वेगळं. फ्रेमभर काळा कुत्रा असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि वाघ्या राखाडी दिसतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला, की केस पुन्हा काळे होतात. डोळे मात्र हरवायचे. त्यावर ओसरी उपयोगी पडली. वाघ्याला ओसरीच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून बसवलं आणि मी अंगणात पोटावर झोपलो. वर मोकळं आभाळ होतं, त्याचा एक पांढरा ठिपका त्याच्या दोन्ही बुबुळांत उतरला. बुबुळाभोवतीचं तपकिरी वर्तुळ मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. सहा वर्षं कुत्रा घरात आहे.

तक्रारही सांगायला हवी. दुकानदाराने काच स्वच्छ आहे असं छातीठोकपणे सांगितलं होतं. पावसाळा लागल्यावर मोबाइलच्या टॉर्चने आतून पाहिलं, तर मागच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. साफ करून घ्यायला साडेतीन हजार गेले आणि दुकानदाराने हात वर केले. तुम्ही जुनी लेन्स घेणार असाल तर दोन्ही टोकांची झाकणं काढा, छिद्र पूर्ण उघडा आणि टॉर्च तिरका धरून आत बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवूच नये. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांवर राहिला की झोप लागते.

पावसाळा सरता सरता माथेरानला गेलो. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी नाहीत, त्यामुळे घोडे रोजच्या कामात दिसतात. झाडी इतकी दाट की भरदुपारीही आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० वर. स्वस्तातल्या झूम लेन्सने तिथे हात टेकले असते, एफ २.८ चे पैसे मला माथेरानात वसूल झाले. लाल मातीवरून परतणारा उजेड घोड्याच्या पोटाखाली तांबूस झाक देतो, ती मी फोटोत जशीच्या तशी राहू दिली.

आणि डिसेंबरात सारंगखेडा. तापीकाठी, एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे, सगळे एका ठिकाणी. पहिल्याच तासात मी घोडीच्या मागून कोन शोधत होतो तेव्हा मालक म्हणाला, "भाऊ, मागे उभं राहू नका. तुम्ही कुठं आहात ते तिला दिसलं पाहिजे." घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त थेट मागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. मी खांद्याच्या बाजूला आलो, तिच्याशी बोलत राहिलो, आणि तिची मान सैल झाली.

मारवाडीचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. ते पुढे उभे असतील तरच फोटो. मागे पडले की जनावर वैतागलंय, तेव्हा कॅमेरा खाली घ्यायचा. कान उभे करायला मी बिस्किटाचा रिकामा पुडा चुरगाळतो. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा घोडं ढुंकून बघत नाही. जवळून कमी एमएमच्या लेन्सने काढलं तर नाक भोपळ्याएवढं येतं. दहा-बारा मीटर मागे जाऊन, उकिडवं बसून, कॅमेरा पोटाच्या उंचीला धरला की पाय आखूड न दिसता खरी ठेवण दिसते. मालकांना हाच फोटो हवा असतो: आडवा उभा घोडा, चारही पाय सुटे.

चाल दाखवायला घोडे पळवतात तिथे मी पूर्ण दुपार बसलो. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं होतं की भरधाव घोड्याचे चारही खूर एका क्षणी अधांतरी असतात, पण चित्रकार काढायचे तसे पुढेमागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. एका काळ्या घोड्याच्या अकरा फ्रेम मी रात्री पाहिल्या. सातवीत खूर पोटाखाली, आणि त्याखाली धुळीवर त्याची सुटी सावली. मी बराच वेळ त्या सावलीकडेच बघत होतो.

तिथेच एक चूकही केली. उघड्यावर लेन्स बदलली. सेन्सरवर धूळ बसली आणि पुढच्या दोनशे फोटोंत आभाळावर तेच तीन ठिपके.

वजन दीड किलोच्या आसपास. दोन तासांनी मनगट बोलायला लागतं, म्हणून आता मोनोपॉड (एकपायी स्टँड) घेतोय. फक्त घरच्या कुत्र्याचे फोटो काढायचे असतील तर ८५ एमएमची साधी लेन्स पुरेल, निम्म्याहून कमी पैशांत. घोड्यांचे, मोकळ्या मैदानात आणि कमी उजेडात काढायचे असतील तर हीच घ्या. सारंगखेड्याचे वीस फोटो छापून आणलेत. त्या घोडीच्या मालकाचा पत्ता घेऊन ठेवलाय, त्याला दोन पाठवतोय.