खोकला न येताही पाणी छातीत जातं: मुलांच्या गिळण्याच्या क्लिनिकचा अनुभव

धाकटीच्या छातीत वारंवार इन्फेक्शन व्हायचं, दूध संपवायला अर्ध्या तासाच्या वर लागायचं आणि पाणी पिऊन झालं की आवाज ओलसर, घरघरल्यासारखा यायचा. ठसका मात्र क्वचितच लागायचा, त्यामुळे गिळण्याचा काही प्रश्न असेल असं कुणाच्याच मनात आलं नाही. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी एका मोठ्या रुग्णालयातल्या गिळण्याच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी तिथे जावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या भेटीत मशीनचं नावही निघालं नाही. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी घरचीच बाटली आणि घरचाच चमचा आणायला सांगितलं होतं. मला नेहमीसारखं भरवायला सांगून त्या बाजूला बसल्या. एक हात तिच्या हनुवटीखाली, स्टेथोस्कोप मानेवर. घोट आणि श्वास यांचा मेळ कुठे चुकतो ते त्या ऐकत होत्या. मानेचा आधार, बसण्याचा कोन, बाटलीच्या निपलचं भोक, सगळं तपासलं. मला ही भेट फार आवडली, कारण इतके डॉक्टर झाले, पण मुलीला जेवताना कुणी पाहिलंय असं झालं नव्हतं.

मग व्हिडिओफ्लोरोस्कोपी, म्हणजे चालता एक्स-रे. दुधात, पाण्यात आणि घट्ट पदार्थात एक्स-रेवर उठून दिसणारं बेरियम मिसळतात आणि बाजूने गिळणं टिपतात. पाण्याचा घोट पडद्यावर काळा दिसत होता. तो घशात उतरला, आणि त्यातली एक बारीक रेघ अन्ननलिकेऐवजी पुढे श्वासनलिकेत घसरली. पोरगी माझ्याकडे बघत शांत बसलेली, खोकली नाही की डोळ्यात पाणी नाही. ‘सायलेंट अ‍ॅस्पिरेशन’ म्हणतात ते हेच. बाहेरून कितीही बारकाईने पाहिलं तरी हे कळलं नसतं. मॅडमनी लगेच तेच द्रव थोडं दाट करून दिलं, तेव्हा रेघ उतरली नाही. कोणता दाटपणा पुरतो हे त्याच बैठकीत ठरलं, म्हणून घरी अंदाजपंचे प्रयोग करायची वेळ आली नाही. रेडिएशनची काळजी मी विचारली. मशीन गिळण्याच्या क्षणीच चालू ठेवतात, उगाच लांबवत नाहीत. नाकातून बारीक दुर्बीण घालून करतात त्या ‘फीस’ (FEES) नावाच्या तपासणीत रेडिएशन नाही, पण गिळण्याच्या नेमक्या क्षणी घसा आवळतो आणि चित्र पांढरं होतं. कोणती तपासणी कोणत्या प्रश्नासाठी, हे त्यांनी नीट समजावलं.

दाटपणा मोजायची रीत घरी फार उपयोगी पडते. आयडीडीएसआय (IDDSI) या दाटपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत द्रव आणि पदार्थांच्या 0 ते 7 पातळ्या आहेत. 10 मिलीच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून ती भरायची, बोट काढून 10 सेकंद द्रव वाहू द्यायचं, आणि किती उरलं ते बघायचं. 4 ते 8 मिली उरलं तर पातळी 2, आमच्या धाकटीची. सिरिंज मात्र त्यांनी सांगितलेल्या मापाचीच हवी: 0 ते 10 च्या खुणांमधलं अंतर 61.5 मिमी. दुसऱ्या सिरिंजचा आकडा फसवतो.

थिकनर, म्हणजे द्रव दाट करायचा पदार्थ, त्यांनी सरसकट हातात दिला नाही, ही मला सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. झँथन गम असलेल्या एका थिकनरबद्दल 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका असल्याचा इशारा दिला होता, म्हणून बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते आधी विचारलं. शिवाय स्टार्चचा थिकनर आईच्या दुधात टिकत नाही. दुधातलं अ‍ॅमिलेझ, म्हणजे स्टार्च पचवणारं द्रव्य, तो फोडतं आणि दूध पुन्हा पातळ होतं. हे कुणी न सांगता पावडर घरी आणून घालणाऱ्या आयांची मला खरंच काळजी वाटते.

दोन गोष्टी खटकल्या. रिपोर्ट संक्षेपांनी भरलेला होता, त्याचं साध्या भाषेतलं एक पान हवंच होतं. आणि दुधाची चव बेरियमने बदलते हे आधी सांगितलं असतं, तर नेहमीचा कप सोबत ठेवून तिला फुसलावणं सोपं गेलं असतं.

नंतरच्या भेटींत चावण्याचे, जीभ हलवण्याचे सराव आणि आहारतज्ज्ञांशी बोलणं होतं. वजन व्यवस्थित वाढतंय. दाटपणा कधी कमी करायचा ते पुन्हा तपासून ठरेल, स्वतःहून कमी करू नका असं त्यांनी बजावलंय.

जाताना मुलाला थोडी भूक असू द्या, पण रडून दमलेलं नको. भरवतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ सोबत न्या, आणि थकल्यावर, जेवणाच्या शेवटी कसं गिळतं तेही त्यात येऊ द्या.