जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: मराठी टायपिंग करणाऱ्याचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझं काम टायपिंग आणि मांडणीचं. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या नाट्यमंडळांच्या संहिता, देवस्थानांच्या जत्रोत्सवाच्या पत्रिका, स्मरणिका, मधूनच कला अकादमीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या नाटकाची संहिता. जवळजवळ सगळं मराठीत. म्हणून हा अनुभव गेम खेळणाऱ्यांच्या किंवा प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या फारसा कामाचा नाही. दिवसभर देवनागरी बडवणाऱ्यांसाठी मात्र आहे.

लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो मार्ग बंद. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. धडधाकट चालणारं यंत्र भंगारात काढायला मन होईना, म्हणून दिवाळीच्या तोंडावर लिनक्स मिंट 22.2 ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम घातली, तिची सिनॅमन नावाची आवृत्ती. ही उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर बेतलेली आहे आणि 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. विंडोज पुसलं नाही, दोन्ही शेजारी ठेवली. त्याचं कारण पुढे येईलच.

पेनड्राइव्ह तयार करणं, त्यावरून मिंट चालवून पाहणं, हे सोपं आहे. त्रास सुरू होतो तो वायफायपाशी. माझ्या लॅपटॉपमधली वायफाय चिप मिंटला दिसतच नव्हती. चिप चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, अशी कोंडी. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, मोबाइल केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर." म्हणजे मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला द्यायचं. खरोखर तेवढंच पुरलं. मिंटने फोन लगेच ओळखला आणि ड्रायव्हर मॅनेजरने चिपचा ड्रायव्हर उतरवून घेतला.

त्यानंतरची पायरी नवख्या माणसाला हमखास अडवते. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी लॅपटॉपची सोय, चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कशासाठी आणि पुन्हा कधी लागणार, हे धड समजावून कुणी सांगत नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की निळा पडदा येतो, त्यावर इंग्रजीत 'कुठलंही बटण दाबा' आणि खाली दहापासून उलटी मोजणी. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर पडदा निघून जातो, मिंट नेहमीसारखं सुरू होतं आणि वायफाय मात्र चालत नाही. काय चुकलं याचा एका ओळीचाही निरोप नाही. बटण वेळेवर दाबलं, 'एनरोल एमओके' (म्हणजे ड्रायव्हरची किल्ली नोंदवा) निवडलं आणि ठरवलेला पासवर्ड दिला, की काम होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट दहा सेकंदांच्या भरवशावर सोडणं मला अजिबात पटलेलं नाही. आमच्याकडे ऑक्टोबरातल्या संध्याकाळी गडगडाट झाला की वीज जाते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती वेळ तग धरणार? त्यामुळे हे सगळं सकाळी करावं, इन्व्हर्टरवर करावं आणि लॅपटॉपसमोरून उठू नये.

दोन सिस्टिम शेजारी ठेवल्या की आणखी दोन गोष्टी छळतात. मिंटमधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. मिंट यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून नेमका साडेपाच तासांचा फरक. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दिलेल्या एका आज्ञेने हा प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग मिंटमध्ये त्या ड्राइव्हवरच्या फाइली वाचता येतात पण सेव्ह होत नाहीत.

आता मराठीकडे येतो. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी तयार मिळते, आणि आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम घातला तर रोमन उच्चारावरून टाइप करायची सोयही होते. माझी बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे जड गेले. एका पानाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा. पण इनस्क्रिप्टची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला र शिफ्ट धरून जे दाबला, मग हलन्त आणि य दिला की बिनचूक उमटतो. आता हात बसला आहे.

लिब्रेऑफिस या मिंटमधल्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये एक सेटिंग सुरुवातीलाच करा. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असतं, तिथे मराठी निवडा. नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पत्रिकेवर 'श्री मंगेश प्रसन्न' लिहिताना श त्या वळणाचा आला तर आमच्या गावात लोक लगेच विचारतात. नोटो सान्स देवनागरी आणि लोहित या फॉन्टमध्ये मराठी निवडल्यावर अक्षरं बरोबर येतात.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते जुन्या कामाने, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहिला. माझ्याकडे वीसेक वर्षांच्या संहिता आहेत, त्यांतल्या बऱ्याच युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) यायच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. मिंटमध्ये उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. विंडोजमधली फॉन्टची फाइल मिंटमध्ये आणली की मजकूर दिसू लागतो, पण तो फक्त दिसतो. त्यात शब्द शोधता येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पुन्हा तीच चिन्हं. टाइपही करता येत नाही, कारण त्या फॉन्टचा कीबोर्ड हा वेगळा विंडोजचा प्रोग्राम आणि तो डोंगलशिवाय, म्हणजे परवान्यासाठी लॅपटॉपला जोडायच्या किल्लीशिवाय, हलत नाही. वाइन या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात चालवून पाहिला, जमलं नाही.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात आणि ते वापरायलाच हवेत, पण तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे 'निर्धार', 'निर्माल्य', 'दिग्दर्शिका' असे शब्द आले की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते किंवा रफार सुटा पडतो. संगीत नाटकाच्या पदांमध्ये तर ओळीओळीला जोडाक्षरं. मी आता रूपांतर झालं की आधी रफार असलेले शब्द पाहतो, मग वेलांट्या, आणि पदं मूळ छापील प्रतीशी ताडून पाहतो. हे काम सावकाश चाललं आहे आणि ते करायलाच हवं. गावोगावच्या मंडळांच्या कितीतरी संहिता छापल्याच गेलेल्या नाहीत, त्या कुणाच्या तरी संगणकात अशाच फॉन्टमध्ये पडून आहेत. तो संगणक आणि ते डोंगल एकदा गेलं की त्या वाचायच्या कशा? ज्यांच्याकडे असं जुनं काम आहे त्यांनी सिस्टिम बदलो न बदलो, रूपांतर आत्ताच सुरू करावं.

बाकीचं थोडक्यात. लॅपटॉप पूर्वीपेक्षा स्पष्टपणे चपळ झाला आहे. अपडेट मी सांगेन तेव्हाच होतात, जत्रेची पत्रिका अर्धवट असताना यंत्र आपणहून रीस्टार्ट होत नाही. टाइमशिफ्ट ही सिस्टिमची प्रत ठेवणारी सोय पहिल्याच दिवशी चालू करा, काही बिघडलं तर आदल्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येतं. मेन्यू मात्र अर्धे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत दिसतात, म्हणून मी ते इंग्रजीतच ठेवले.

जुना लेझर प्रिंटर मिंटवर चालला नाही, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर कामाचा नाही. आता पीडीएफ करून बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे छापतो. नवा घेताना ड्रायव्हरशिवाय नेटवर्कवरून छापणारा घेईन, तसे प्रिंटर मिंट आपणहून ओळखतं. डिजिटल सहीचं टोकन आणि टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम यांसाठी विंडोज ठेवलं आहे, तेही महिन्यातून एखाद्या वेळी उघडतं. ज्यांचं रोजचं काम या दोन गोष्टींवर आहे त्यांनी मिंटवर पूर्ण जाऊ नये. ज्यांचं काम लिहिण्याचं आहे त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासावा, आणि मगच डिस्कला हात लावावा.