रबरबँडवाली विंग: ट्रेनर विमान नागपुरात आठ महिने उडवल्यावर

दसऱ्याला ऑनलाईन मागवलेलं हे रिमोटवर उडणारं मॉडेल विमान, बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर म्हणजे शिकाऊंसाठीचं, विंगस्पॅन (पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत) दीड मीटरच्या थोडा वर, इलेक्ट्रिक मोटर, बॅटरीसकट वजन २.३ किलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण विमान चांगलंच आहे, फक्त सोबतच्या कागदावर विंग बसवण्याबद्दल एकच ओळ होती, "विंग रबरबँडने बांधावी". बस. त्या एका ओळीने माझे तीन महिने खाल्ले भाऊ.

आधी जागेचं सांगतो. सोनेगावला विमानतळ असल्यामुळे शहरात हे उडवायचा विचारच करू नका, डिजिटल स्काय या सरकारी साईटवरचा ड्रोनचा नकाशा बघून जागा ठरवा. आम्ही कळमेश्वरच्या बाजूला साळ्याच्या वावरात जातो, कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटली की चांगली लांब पट्टी मिळते. उपटायच्या आधी गेलात तर खुंट विंगवरच्या प्लास्टिक फिल्मला भोकं पाडतात, माझ्या विंगखाली चार ठिगळं आहेत.

तर डिसेंबरात पहिल्यांदा उडवलं आणि तेव्हापासून एकच रडगाणं, विमान डावीकडे पडते. फुल थ्रॉटलवर रिमोटवरून ट्रिम (कायम राहणारी बारीक दुरुस्ती) मारून सरळ केलं की मस्त जायचं, पण लँडिंगला स्पीड कमी केला की डावी विंग पुन्हा खाली, आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटाची हलती फळी) जरा जोरात ओढला तरी डावीकडेच. मी कधी वाऱ्याला दोष देऊन राहिलो, कधी सर्व्होला (या फळ्या हलवणारी छोटी मोटर), कधी स्वतःच्या अंगठ्याला, एक सर्व्हो बदलूनही पाहिला, फरक शून्य.

मग आमच्यासोबत येणारे एक काका, कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेल बनवायचे, त्यांनी विचारलं, "राजा, विंग मोजली का कधी?" मी म्हटलं काका डोळ्याने सरळ दिसते ना. ते नुसते हसले.

घरी किचनच्या कडप्प्यावर विमान ठेवलं. शेपटाच्या बरोबर मध्ये टाचणी, तिला दोरी, आणि ती दोरी आधी डाव्या मग उजव्या टोकाच्या मागच्या कडेपर्यंत. दोरी न ताणणारी पाहिजे, शिंप्याचा टेप ताणला जातो. पोरगी म्हणे बाबा मांजा घ्या, मी म्हटलं नायलॉन मांजावर बंदी आहे बाई, घरात आणायचा नाही. शेवटी गवंड्याची लाईन दोरी घेतली. उजवं टोक ११ मिमी जवळ! म्हणजे विंग तिरपी बसून राहिली होती आणि मी ट्रिम मारून राहिलो होतो. मग मागून पाहिलं तर विंग शेपटाच्या आडव्या पट्टीला समांतरही नव्हती, उजवं टोक वर. विंग काढली तर बॉडीवर ती जिथे टेकते त्या बैठकीवर उजव्या बाजूला इपॉक्सी गोंदाचा वाळलेला थेंब, ज्वारीच्या दाण्याएवढा. ही कारागिरी कंपनीची नाही, माझीच.

थेंब घासून काढला, बैठकीवर पातळ फोम टेप लावली, दोरीने दोन्ही बाजू एक मिमीच्या आत आणल्या. मग बारीक पेनाने विंगच्या पुढच्या कडेवर आणि बॉडीवर जुळणारी रेघ मारली, आता वावरात दोरी लागत नाही, रेघेला रेघ जुळली की झालं. एलिव्हेटर ओढल्यावरचं झुकणं त्याच दिवशी गेलं. स्लो स्पीडला पडणं मात्र थोडं उरलंच. ते काकांनी विमान नाकाला आणि शेपटाला धरून उचलल्याबरोबर ओळखलं, डावी विंग जड. वजन तेवढंच राहते पण एलेरॉनचा (विंगच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) जोर स्पीडसोबत कमी होतो, म्हणून ट्रिम एकाच स्पीडला पुरते. उजव्या टोकाला टेपखाली एक-एक रुपयाची दोन नाणी लावली, खल्लास.

आता रबरबँडचं. सुरुवातीला नोटांच्या गड्डीचे पिवळे बारीक वापरले, आठच. लूप (हवेत उभी गोल कोलांटी) मारताना विंग पुढून उचलली गेली आणि विमानाने भलतंच नाक वर केलं, जीव वर आला. हिशोब सोपा आहे, २.३ किलोचं विमान लूपच्या तळाशी ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट जोर खाते, म्हणजे विंगवर ९ किलोच्या वर ओढ. आता ६४ नंबरचे, ६ मिमी रुंद, बाजूला सहा-सहा असे बारा लावतो, आणि शेवटचे दोन क्रॉस, त्यामुळे बाकीचे बॉडीतल्या ज्या दांडीला अडकवतो तिच्यावरून घसरत नाहीत.

एप्रिलमध्ये शहाणपणा सुचला की बोल्ट लावू, दिसायलाही भारी. पुढे दांडी, मागे प्लायवूडमध्ये ६ मिमीचे दोन नायलॉन बोल्ट. विंग दरवेळी त्याच जागी बसायची, हे कबूल करावंच लागेल. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठण्ण, एक बोल्ट आवळतानाच तुटला. नायलॉन सुकलं की ठिसूळ होते, आधी पाण्यात भिजवून ठेवायला पाहिजे होतं हे नंतर कळलं. पंधरा दिवसांनी विंगचं टोक धुऱ्याला (वावराच्या बांधाला) लागलं तर मागचं प्लायवूडच फाटून आलं. रबरबँड असताना असंच लागलं होतं, विंग फक्त गर्रकन फिरली होती, पुन्हा रेघेला लावली आणि उडवलं. बोल्ट काढून टाकले. नवशिक्या असाल तर त्या वाटेला जाऊच नका.

उन्हाने रबरबँडचीही वाट लागते बरं. नौतपात एक पाकीट गाडीच्या डिकीत राहिलं, काढलं तर ओढल्या ओढल्या तुटून राहिले. दरवेळी लावायच्या आधी एकेक ताणून बघा, भेग दिसली की फेका, दोन-चार रुपयांसाठी विमान घालवू नका.

विमानाला पाचपैकी चार, त्या कागदाला एक, तोही कागद आहे म्हणून. सध्या पाऊस सुरू झालाय, वावरात चिखल, विंग दिवाणाखाली सपाट ठेवलीय आणि रबरबँड टाल्कम पावडर लावून स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये. बायकोने काल कढीपत्ता समजून तोच डबा फोडणीजवळ नेला होता.