स्थानिक बातम्यांच्या पॉडकास्टचा कल मोजणारी फुकटची तिकडी: कुणाला किती गुण

‘हा पॉडकास्ट एका बाजूचा आहे’ असं कुणीही म्हणतं. तेच आकड्यांत दाखवायचं असेल तर तीन खुली साधनं एकापुढे एक जोडता येतात: ऑडिओचा मजकूर करायला व्हिस्पर, कोण कधी बोललं ते वेगळं करायला पायअ‍ॅनोट आणि वाक्याचा सूर ठरवायला पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाचं मराठी सेंटिमेंट मॉडेल. पहिलं उत्तम, दुसरं कामापुरतं आणि तिसरं चांगलं असूनही या कामाला चुकीचं. खरा निकाल लागतो तो चौथ्या ठिकाणी, दोन माणसांनी भरलेल्या साध्या तक्त्यात.

व्हिस्पर ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलं. ते लहानमोठ्या आकारांत मिळतं. लार्ज मॉडेलला सुमारे १० जीबी ग्राफिक्स मेमरी लागते, टर्बो ६ जीबीत भागतं. मराठीसाठी टायनी आणि बेस या सगळ्यात लहान आकारांच्या वाटेला जाऊ नये. जोडाक्षरांचा आणि आडनावांचा चुथडा होतो. भाषा ‘मराठी’ अशी हातानं भरा. यंत्रावर सोडलं तर ते सुरुवातीची ३० सेकंदं ऐकून भाषा ठरवतं, आणि तिथे नेमकं शीर्षकसंगीत किंवा हिंदी जाहिरात असते. मग पुढचा सगळा भाग हिंदी समजून लिहिला जाण्याची भीती.

दुसरी खोड जास्त घातक आहे. शांतता किंवा नुसतं संगीत आलं की व्हिस्पर न बोललेली वाक्यं लिहितं, कधी एकच ओळ दहा वेळा. आधीच्या मजकुरावर अवलंबून राहण्याची सेटिंग बंद केली आणि आवाज नसलेले तुकडे आधीच गाळले की हे बरंच आटोक्यात येतं. पण इथेच एक पेच आहे. स्थानिक नेत्यांची, प्रभागांची नावं नीट यावीत म्हणून ती सुरुवातीच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला आधी दिलेल्या मजकुरात, टाकतात; वरची सेटिंग बंद असेल तर तो प्रॉम्प्ट पहिल्या ३० सेकंदांपुरताच चालतो. म्हणजे पहिल्या बातमीत आडनाव बरोबर आणि तिसऱ्या बातमीत भलतंच. फास्टर-व्हिस्पर या व्हिस्परच्याच वेगवान आवृत्तीत खास शब्द सुचवायची ‘हॉटवर्ड्स’ची सोय आहे. ती प्रत्येक तुकड्याला लागू होते, म्हणून तीच वापरा. नाहीतर शेवटी शोधा-आणि-बदला आहेच.

मजकूर तपासताना ‘शेकडा किती शब्द चुकले’ यावर समाधान मानू नका. मराठीत सगळा खेळ प्रत्ययांचा. ‘पोलिसांनी मारलं’ आणि ‘पोलिसांना मारलं’ यांत एका स्वराचा फरक. हिशोबात ती एक चूक, बातमीत मारणारा आणि मार खाणारा यांची अदलाबदल. म्हणून राजकीय व्यक्ती किंवा यंत्रणा ज्यात आली आहे ते प्रत्येक वाक्य ऑडिओ लावून ऐकायचं. बाकी हवामान, क्रीडा वगैरे सोडून दिलं तरी चालतं.

पायअ‍ॅनोट आवाज वेगळे करतं, नावं देत नाही. ‘वक्ता १’, ‘वक्ता २’ एवढंच. माणसं किती आहेत हे आधी सांगितलं तर निकाल सुधारतो. ‘हो हो’, ‘बरोबर’ असे हुंकार आणि दोघं एकदम बोलतात ते क्षण मात्र भलत्याच्या खात्यावर जातात, त्यामुळे सेकंदांवर भांडू नये, मिनिटांवर बोलावं. दुसरी गोष्ट: निवेदक एखाद्या नेत्याचं पत्रक वाचून दाखवतो तेव्हा आवाज निवेदकाचा आणि मत नेत्याचं. हे दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर पत्रकं जशीच्या तशी वाचणारा पॉडकास्ट सगळ्यात तटस्थ ठरतो!

आता सेंटिमेंट मॉडेल. एल-थ्री-क्यूबचा मराठी सेंटिमेंट संच २०२१ सालचा, सुमारे १६,००० ट्वीटचा. प्रत्येक ट्वीटला सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असा शिक्का. ट्वीटसाठी मॉडेल चोख आहे. घोळ प्रश्नातच आहे. ‘तीन दिवस पाणी येणार नाही’ हे वाक्य नकारात्मक, पण त्यात कुणावर टीका नाही. सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला पाणी, खड्डे, कचरा हे विषय जास्त येतात, म्हणून सरळ सरासरी काढली की काटा आपोआप ‘सत्ताविरोधी’ दाखवतो. उपरोध तर हातातून निसटतोच. ‘वा, काय रस्ता केलाय! पहिल्याच पावसात धुऊन निघाला’ यात कौतुक किती ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘चौकशी होणार म्हणे’ मधला ‘म्हणे’ काढून पाहा, अर्थच फिरतो. या मॉडेलचा उपयोग एवढाच: एकाच विषयावरच्या, दोन पक्षांबद्दलच्या वाक्यांची तुलना करायची आणि जिथे मोठा फरक दिसेल तिथे कान लावायचा.

तक्त्याचं एकक ‘राजकीय व्यक्तीबद्दलचं एक विधान’ असं धरा. आधी क्रियापद लिहा. ‘म्हणाले’, ‘सांगितलं’ ही साधी. ‘दावा केला’ संशय पेरतं. ‘कबूल केलं’ म्हणजे आधी लपवलं होतं. ‘खडे बोल सुनावले’, ‘समाचार घेतला’ यांत बोलणाऱ्याला वरचढ ठरवलेलं असतं. एका बाजूचे नेते सांगतात आणि दुसऱ्या बाजूचे दावे करतात, हा नमुना वीसेक भागांत स्पष्ट दिसू लागतो. मग कर्ता: ‘लाठीमार झाला’ की ‘पोलिसांनी लाठीमार केला’? मग आदरार्थ. एकाला ‘साहेब’, ‘ते आले’, आणि दुसऱ्याचं नुसतं आडनाव, ‘तो म्हणतो’. मराठीत हा पुरावा क्रियापदातच सापडतो आणि तयार सेंटिमेंट मॉडेल तो मोजत नाही. ‘सूत्रांकडून कळतं’, ‘अशी चर्चा आहे’ यांच्या आडून कुणावर शेरे येतात, त्यालाही रकाना द्या.

भरणारे दोघं हवेत, एकमेकांचं न पाहता. त्याआधी तिसऱ्या माणसानं मजकुरातली नेत्यांची आणि पक्षांची नावं ‘क्ष’, ‘य’ करून टाकावीत. नाहीतर पॉडकास्टऐवजी तक्ता भरणाऱ्याचाच कल मोजला जातो. दोघांचं जमतं का हे क्रिपेनडॉर्फचा अल्फा या मापानं पाहतात (१ म्हणजे पूर्ण एकमत): ०.८० च्या वर ठीक, ०.६६७ ते ०.८० असेल तर निष्कर्ष जपून, त्याखाली असेल तर सूचना पुन्हा लिहा. उपरोधाच्या रकान्यावर बहुतेक वेळा हाच प्रसंग येतो. भाग निवडताना सलग आठवडा नको, एखाद्या सभेनं किंवा आंदोलनानं तो झुकतो. वेगवेगळ्या महिन्यांतला एक सोमवार, एक मंगळवार असे चिठ्ठ्या टाकून उचला. प्रचाराचे दिवस वेगळे मोजा.

तिन्ही साधनांना सारखीच आंधळी असलेली जागा म्हणजे न दिलेली बातमी. त्यासाठी स्थानिक सभागृहाच्या बैठकीची विषयपत्रिका आणि झालेले ठराव मिळवायचे, त्यातले किती विषय पॉडकास्टमध्ये आले ते टिकमार्क करायचे आणि गाळलेल्यांपुढे तो विषय कुणाला अडचणीचा होता ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण इथे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

गुण: व्हिस्पर ५ पैकी ४, पायअ‍ॅनोट ३, सेंटिमेंट मॉडेल या कामापुरतं दीड, तक्ता साडेचार. अर्धा गुण कापला तो अर्ध्या तासाच्या भागाला दोन माणसांची दुपार जाते म्हणून.