रिटनहाउस खटल्याचं अख्खं रेकॉर्डिंग बघावं का? माझा रिव्ह्यू

अमेरिकेतल्या काइल रिटनहाउस खटल्याचं कोर्टातलं पूर्ण रेकॉर्डिंग युट्यूबवर फुकट बघायला मिळतं, नोव्हेंबर 2021 मधलं, ओपनिंगपासून निकाल वाचेपर्यंत, एकेक दिवसाचे व्हिडिओ आहेत आणि प्रत्येक कित्येक तासांचा. लॉ करणाऱ्यांनी तर बघाच, पण तिकडे सिटिझन झालेल्या आपल्या लोकांनी पण बघा, कारण ज्युरी ड्युटीचं पत्र आलं की नक्की काय करायचं असतं ते इथे नीट कळतं. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीने 8 विरुद्ध 1 निर्दोष म्हटलं त्यानंतर ती पद्धत हळूहळू गेलीच, त्यामुळे आपल्याला ज्युरी माहिती आहे ती फक्त सिनेमातली.

केस थोडक्यात सांगते. 25 ऑगस्ट 2020, विस्कॉन्सिनमधलं केनोशा. दोन दिवस आधी पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसाला गोळ्या घातल्या होत्या, त्यावरून शहरात जाळपोळ चालू होती आणि शेजारच्या इलिनॉयमधला 17 वर्षांचा हा रिटनहाउस एआर-15 टाइपची रायफल घेऊन रस्त्यावर होता. जोसेफ रोझेनबॉम आणि अँथनी ह्युबर मेले, गेज ग्रॉसक्रॉइट्झच्या दंडाला गोळी लागली. गोळ्या कोणी झाडल्या यावर वादच नव्हता, सगळं व्हिडिओत आहे. वाद एवढाच की त्या क्षणी त्याला खरंच जिवाची भीती वाटली का आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणा समजूतदार माणसालाही ती वाटली असती का.

आणि हेच क्लिपा बघून कळत नाही! क्लिपेत रडणारा आरोपी दिसतो किंवा ओरडणारा जज, बास. पूर्ण साक्ष ऐकली की दिसतं की माणसाचा हेतू कोर्टात कसा एकेका बारीक गोष्टीवरून उभा करावा लागतो. रिची मॅकगिनिस नावाचा व्हिडिओ रिपोर्टर रोझेनबॉमच्या अगदी मागे होता, त्याला सरकारी वकील थॉमस बिंगर विचारतो की रोझेनबॉमच्या मनात काय चाललं होतं हे तुम्हाला कसं कळणार, तर तो सांगतो की रोझेनबॉमने शिवी घातली आणि रिटनहाउसच्या बंदुकीकडे हात टाकला. मग शवविच्छेदन करणारे डॉक्टर येतात, रोझेनबॉमला चार गोळ्या लागल्या, एक पाठीत, पण हाताच्या जखमेजवळ काजळी सापडली म्हणजे हात नळीच्या अगदी जवळ होता. चारही गोळ्या एका सेकंदाच्या आत सुटलेल्या. आता पाठीतल्या गोळीचा अर्थ काय लावायचा? मी तो भाग थांबवून थांबवून बघितला, दोन्ही बाजूंनी विचार करता येतो आणि ते फार अस्वस्थ करणारं आहे.

सगळ्यात भारी दिवस 8 नोव्हेंबरचा. ग्रॉसक्रॉइट्झ स्वतः सरकारी साक्षीदार, ज्याला गोळी लागली तोच, आणि उलटतपासणीत तो मान्य करतो की मी पिस्तूल त्याच्याकडे रोखून पुढे गेलो तेव्हाच त्याने गोळी झाडली. एकच शब्द, बरोबर, आणि त्या आरोपापुरती केस तिथेच ढिली पडली.

सरकारी बाजू मात्र सोशल मीडियावर दाखवली तेवढी फालतू नव्हती. ड्रोनच्या व्हिडिओवरून त्यांचं म्हणणं होतं की रिटनहाउसनेच आधी कुणावर तरी बंदूक रोखली, म्हणजे भांडण यानेच ओढवून घेतलं, आणि तसं असेल तर तिथल्या कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क खूपच आकसतो. पण ते चित्र एवढं धूसर की जज स्वतः खाली येऊन टीव्हीसमोर उभा राहून बघतो. एवढ्या धूसर चित्रावर एखाद्याला जन्मठेप देता येईल का हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारून बघा.

कायद्यातला एक फरक माहिती हवा नाहीतर निकाल समजणारच नाही. आपल्याकडे खासगी बचावाचा मुद्दा आरोपीला निदान शक्यतेच्या पातळीवर तरी दाखवावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये स्वसंरक्षणाचा थोडा जरी पुरावा आला की तो खोडून काढायची जबाबदारी सरकारची, आणि तीही रास्त संशय उरणार नाही इतकी. शिवाय प्रत्येक आरोप वेगळा तोलायचा. 12 जणांनी चार दिवस चर्चा केली, व्हिडिओ परत बघायला मागितले आणि 19 नोव्हेंबरला पाचही आरोपांतून सोडलं. मला तो निकाल पुराव्याला धरून वाटतो. रायफल बाळगल्याचा वेगळा आरोप नळीच्या लांबीच्या मुद्द्यावर (त्याची रायफल आखूड नळीची नव्हती म्हणून) आधीच रद्द झाला ते मात्र मला आजही पटत नाही, 17 वर्षांच्या पोराच्या हातात ती रायफल नसती तर दोन माणसं आज जिवंत असती असं मला मनापासून वाटतं.

आता तक्रारी. काही चॅनेलवाले साक्ष चालू असतानाच मधे तज्ज्ञ आणून बसवतात आणि नेमकं उत्तर ऐकू येत नाही, तसले व्हिडिओ टाळा, फक्त कोर्टाचा कॅमेरा असलेलं घ्या. लाइव्ह चॅट बंद करा, तिथे मेलेल्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्युरीला बाहेर पाठवून जे बोलणं होतं तेही आपल्याला दिसतं. 10 नोव्हेंबरला आरोपी अटकेनंतर गप्प का राहिला यावर बिंगरने प्रश्न टाकला म्हणून जज त्याला झापतो, ते झापणं ज्युरीने पाहिलंच नाही. त्यामुळे आपलं मत बनवताना तेवढा भाग वजा करावा लागतो, ते अवघड आहे पण जमतं.

वेळ कमी असेल तर 8 आणि 10 नोव्हेंबरच्या साक्षी बघा आणि मग 15 तारखेची दोन्ही बाजूंची शेवटची भाषणं, त्या दिवशी जज ज्युरीला कायदा वाचून दाखवतो तो भाग कंटाळवाणा वाटला तरी पळवू नका. हेडफोन लावूनच बघा, गोळीबाराचे व्हिडिओ कोर्टात परत परत लावतात आणि घरात लहान मुलं असतील तर ते आवाज त्यांच्या कानावर जायला नकोत.