आजोळ हुपरी, आणि फसलो चांदीत

७०,४०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले चार महिने विचारणाऱ्या प्रत्येकाला "गेले थोडेफार" एवढंच सांगत आलोय. दहा नाणी. नऊ प्रत्येकी ६,२०० ला, एक १४,००० ला, वर कुरिअरचे ६००. सगळे यूपीआयने, सगळे स्वतःच्या बोटाने.

आणि माझं आजोळ हुपरी! जिथे घराघरात पैंजण घडतात त्या गावचा भाचा चांदीतच फसला. मामा असते तर उंबऱ्यावर उभं केलं नसतं.

नाणी अमेरिकन सिल्व्हर ईगल, म्हणजे अमेरिकी टांकसाळीची चांदीची, एक औंसाची (सुमारे ३१ ग्रॅम). ग्रेड केलेली, म्हणजे कंपनीने दर्जा ठरवलेली, आणि स्लॅबमधली, म्हणजे नंबराचं लेबल असलेल्या प्लास्टिकच्या बंद डबीतली. फसवणाऱ्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: पहिला व्यवहार खरा करायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये मी एका विकणाऱ्याकडून एकच नाणं ६,५०० ला घेतलं. ते खरं निघालं, आजही माझ्याकडे आहे. माणूस बोलायला गोड, "सर, नाणं हातात आल्यावर पैसे द्या" म्हणणारा. दसरा झाल्यावर त्याचा फोन आला, अमेरिकेतल्या भावाने संग्रह मोडायला काढलाय, दहा नाणी एकदम घेतलीत तर भाव कमी करतो. या वेळी मात्र पैसे आधी. आणि खातं दुसऱ्याच नावाचं, "मिसेसचं आहे, सर". इथेच थांबायला हवं होतं. ज्याच्याशी बोलता त्याच्या नावावर पैसे जात नसतील तर फोन ठेवा.

लोक म्हणतात, एवढं शिकून तपासलं कसं नाही? तपासलं होतं हो! लेबलवरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकला, नाणं बरोबर, साल बरोबर, ग्रेड एमएस ७०, म्हणजे सगळ्यात वरचा. पण खऱ्या नाण्याचा नंबर उचलून खोट्या लेबलवर छापला, तर साइट बिचारी खरंच बोलणार. साइटवर फोटो असेल तर हातातल्या नाण्याशी ओरखडान् ओरखडा जुळवून बघा. मी नुसता हिरवा टिकमार्क बघून खूश झालो.

स्लॅब ही चोराच्या सोयीची वस्तू आहे, हे मला फार उशिरा कळलं. चांदी ओळखायच्या आपल्या जेवढ्या रीती आहेत, फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, तोलायचं, कानस मारायची, त्या सगळ्या त्या प्लास्टिकने बंद होतात. फोडलं तर ग्रेड गेला, म्हणून कोणी फोडत नाही. त्या वेळी चांदीचा भाव किलोला लाखाच्या घरात, म्हणजे औंसभर चांदी तीन-सव्वातीन हजारांची. वरचे तीन हजार मी कशाचे मोजत होतो? लेबलचे. आणि लेबल तर कुणीही छापतो.

आता जे लिहिताना अजून कान तापतात ते. दहातलं एक नाणं २०१८ चं होतं. पार्सल उघडलं त्याच रात्री मी ते उलटं केलं आणि मागे फांदी घेऊन उतरणारा गरुड दिसला. ज्याला या नाण्यांचं काही कळतं त्याला इथेच घाम फुटला पाहिजे. १९८६ पासून मागच्या बाजूला छातीवर ढाल असलेला गरुड होता, उतरणारा गरुड आला तो २०२१ च्या मध्यात. २०१८ च्या नाण्यावर तो असूच शकत नाही. हे मला माहीत होतं! मीच दोन जणांना ऐकवलं होतं. आणि मी काय केलं? मला वाटलं, टांकसाळीची चूक दिसतेय, दुर्मिळ आहे, याचे तर लाख येतील. विकणाऱ्याला मुद्दाम कळवलं नाही, त्याने परत मागितलं तर? फसवणाऱ्यालाच फसवतोय अशा आनंदात मी त्या रात्री झोपलो.

लक्ष्मीपूजनाला नाणी चौरंगावर मांडताना बायको म्हणाली, "अहो, या दोन्हींवर नंबर एकच कसा?" मी म्हणालो, "बॅच नंबर असतो तो." बॅच नंबर! औषधाची बाटली आहे का ती? प्रत्येक स्लॅबला वेगळा नंबर असतो. एक तपासून बाकीचे नऊ सोडू नका, दहाच्या दहा तपासा. आणि बायकोला गप्प करू नका.

संक्रांतीला हुपरीला गेलो तेव्हा कौतुकाने डबा घेऊन गेलो. मामेभावाने खरा स्लॅब आणि खोटा स्लॅब काट्यावर आळीपाळीने ठेवले. खोटा साडेपाच ग्रॅम हलका. मग १९९६ चं, ते १४,००० चं, फोडलं. त्या सालची नाणी सगळ्यात कमी, छत्तीस लाखांच्या आसपास निघाली होती, म्हणून तो भाव. त्याने एकदाच कानस फिरवली आणि खालून पिवळं निघालं. "दादा, पितळ हाय. मुलामा चढवलाय," एवढंच बोलला आणि चहा सांगितला. हसला असता तर बरं वाटलं असतं.

पोलीस ठाण्यात अकरा खेपा झाल्या. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, "माल मिळाला ना? मग हे दिवाणी." मी म्हटलं, साहेब, जुनं चारशे वीस म्हणजे आताचं कलम ३१८ तरी लावा. तर मलाच प्रश्न, "वकील आहात का?" मग सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, कुरिअर परराज्यातून आलंय, तिकडे तक्रार द्या. झिरो एफआयआर नावाची सोय आहे, कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते, हे मी त्यांना सांगायचं! मग पितळ असल्याचा दाखला मागितला. सराफ तोंडी सांगायला तयार, लिहून द्यायला कोणी तयार नाही, कोर्टाच्या फेऱ्या कोणाला हव्यात? एका हवालदाराने तर विचारलं, "परदेशी नाण्यावर ड्युटी भरली का तुम्ही?" म्हणजे आरोपी मीच. सव्वा महिन्याने अर्जावर आवक क्रमांक मिळाला, तो कागद जपून ठेवलाय, दुसरं हाती काही नाही. बँकेचं उत्तर दोन ओळींचं: पिन तुम्ही टाकला, व्यवहार अधिकृत आहे.

पैसे गेले त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर पैसे खात्यात गोठवता आले असते कदाचित. मला कळलं तीन महिन्यांनी. म्हणून पार्सल आलं की त्याच दिवशी तोला. साधा दागिन्यांचा काटा पुरतो. ओळखीचा एक खरा स्लॅब शेजारी ठेवा, फरक ग्रॅमात दिसतो. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, मी काढला नाही. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, पितळही त्याला चिकटत नाही. आणि नाणं विचित्र दिसलं तर आधी खोटं समजा, दुर्मिळ नंतर.

परवा एका ग्रुपवर कोणीतरी १९९६ चं नाणं विकायला टाकलंय. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, किंमत १४,०००. फोटो मोठा करून लेबल वाचलं. नंबर तोच. माझं तर हुपरीला ड्रॉवरमध्ये कानस लागून पडलंय.