अकरा महिने ऑनलाइन औषधं, एचएसएच्या कार्डवर: काय वाचलं आणि कुठे आपटले

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. २०२५च्या जानेवारीत नवऱ्याच्या कंपनीने इन्शुरन्स बदलला आणि आम्ही हाय डिडक्टिबल प्लॅनवर आलो (म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च, तेच डिडक्टिबल, आधी आपल्या खिशातून, मग इन्शुरन्स), कारण हप्ता कमी होता आणि सोबत एचएसए, म्हणजे औषधोपचाराच्या खर्चासाठी पैसे साठवायचं खातं, मिळत होतं. घरात कायमची औषधं तीन. मला थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन, ह्याला शुगरची मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची एटोरवास्टॅटिन. तिन्ही जुनी जेनेरिक, म्हणजे खरं तर चणे-फुटाण्याच्या भावात मिळायला हवीत अशी.

जानेवारीत कोपऱ्यावरच्या चेन फार्मसीत गेले तर तीन महिन्यांची तिन्ही मिळून १३३ डॉलर. माझं ४१, एटोरवास्टॅटिन ५८, मेटफॉर्मिन ३४. मी काउंटरवरच गार. घरी येऊन दोन रात्री किमती शोधत बसले आणि फेब्रुवारीत पहिली ऑर्डर एका ऑनलाइन फार्मसीला दिली. नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि माझ्या एकटीच्या अनुभवावरून कोणाला झोडपायचं नाहीये. तिथे १७, १४ आणि १३, वर ५ डॉलर शिपिंग, झाले ४९. तीच औषधं, तोच डोस, तेवढ्याच गोळ्या.

हे इतकं स्वस्त कसं असा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मलाही वाटलं काहीतरी गडबड असणार. तर इथे जेनेरिक गोळी बनवायला खर्च फारसा येत नाही, पण ती तुमच्या हातात पडेपर्यंत मधे होलसेलर, इन्शुरन्सवाले, त्यांचे ते फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजे औषधांचे व्यवहार ठरवणारे मधले दलाल, अशी मंडळी बसलेली असतात आणि काउंटरवरची किंमत ह्या सगळ्यांच्या आपापसातल्या करारांतून ठरते, खरेदी किमतीवरून नाही. उद्योगपती मार्क क्युबनची कॉस्ट प्लस ही ऑनलाइन औषधांची कंपनी जानेवारी २०२२मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांनी हिशोब उघडाच ठेवला, खरेदी किंमत अधिक १५ टक्के, अधिक ३ डॉलर फार्मसीचे, अधिक शिपिंग. माझी फार्मसी ती नाही, पण हिला निवडताना तोच हिशोब डोक्यात होता. आणि हो, मेटफॉर्मिनची पहिली बाटली आली तिच्यावर बारीक अक्षरात मेड इन इंडिया आणि गोव्याचा पत्ता. गोळी गोव्याहून जर्सीत आली, आम्हाला मात्र चार वर्षांत गोव्याला जाणं जमलेलं नाही.

आता एचएसएबद्दल. आमच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांना वाटतं की एचएसए कार्ड म्हणजे काहीतरी सवलत आहे. अजिबात नाही हो. तो आपलाच पैसा आहे, फक्त टॅक्स कापायच्या आधी बाजूला काढलेला. २०२५ला फॅमिलीसाठी मर्यादा ८,५५० डॉलर होती, एकट्यासाठी ४,३००. पगारातून थेट भरलं तर फेडरल टॅक्स वाचतो आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात. म्हणजे २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर शंभर डॉलरचं औषध साधारण सत्तरला पडल्यासारखं. पण न्यू जर्सीवाल्यांनो, आपलं राज्य एचएसए मानतच नाही! आपण आणि कॅलिफोर्निया. स्टेट टॅक्स त्या पैशावर भरावाच लागतो, म्हणून डब्ल्यू-टूमध्ये, म्हणजे कंपनी वर्षाअखेरीला देते त्या पगाराच्या टॅक्स फॉर्ममध्ये, फेडरलचा पगार आणि स्टेटचा पगार वेगळा दिसतो. तो पाहून मी गेल्या आठवड्यात एचआरला घाबरून मेल टाकली होती, त्यांनी अगदी शांतपणे समजावलं, बहुतेक दरवर्षी कोणीतरी विचारत असणार.

एफएसए नावाच्या दुसऱ्या तशाच खात्यात वर्षाअखेरीला उरलेले पैसे बुडतात, तसे ह्यात बुडत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. आणि कार्ड तेव्हाच वापरलं पाहिजे असंही नाही, खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल तर पावती ठेवून पाच वर्षांनी पैसे काढले तरी चालतं. पण पावती म्हणजे खरी पावती. फार्मसीकडून ऑर्डर आल्याची जी ईमेल येते तिच्यात प्रायव्हसीसाठी औषधाचं नावच नसतं, नुसती रक्कम. उद्या आयआरएसने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, विचारलं तर ती दाखवून काय उपयोग. वेबसाइटवर लॉगिन करून आत तीन पानं खोल जाऊन सविस्तर इनव्हॉइस डाउनलोड करावं लागतं, ज्यावर पेशंटचं नाव, औषध, तारीख, रक्कम सगळं असतं. मला हे मे महिन्यात कळलं.

मे महिन्याचीच दुसरी गोष्ट. ऑर्डर देताना बाजूला केस-त्वचा-नखांच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड व्हिटॅमिनच्या गोळ्या, दिसल्या, १२ डॉलर. माझे केस थायरॉईडमुळे गळतातच, घातल्या कार्टमध्ये आणि सगळं मिळून एचएसए कार्डवर मारलं. कार्ड गुपचूप चाललं. कार्ड चाललं म्हणजे खर्च बसतो असं नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. डोकेदुखीच्या, ॲलर्जीच्या साध्या गोळ्या २०२०पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय चालतात, पण व्हिटॅमिन-बिटॅमिन चालत नाही, डॉक्टरने ठरावीक आजाराच्या उपचारासाठी सांगितलं असेल तरच. नाहीतर त्या रकमेवर टॅक्स आणि वर २० टक्के दंड. बारा डॉलरला दंड तो किती, पण जीवाला घोर.

ऑगस्टची ऑर्डर आली तेव्हा आम्ही पोकोनोजच्या डोंगरात फिरायला गेलो होतो, तीन दिवस पाकीट पत्र्याच्या मेलबॉक्समध्ये, बाहेर पंच्याण्णव फॅरनहाइट. परत आले तर बाटली हाताला गरम लागत होती. थायरॉईडच्या गोळीला उष्णता चालत नाही. फोन केला, चाळीस मिनिटं होल्डवर ते संगीत, मग एक मुलगी म्हणाली डिलिव्हरी झाली आहे आता आमची जबाबदारी नाही. दुसऱ्या दिवशी परत फोन केला तर फार्मासिस्टशी बोलणं झालं आणि त्याने काही न विचारता थायरॉईडची बाटली फुकट पाठवली. म्हणजे तीच कंपनी, दोन दिवसांत दोन चेहरे. बोलायचं असेल तर थेट फार्मासिस्टला मागा, कस्टमर सर्व्हिसला नाही.

त्या नव्या बाटलीतल्या गोळ्या पाहिल्या तर रंग तोच जांभळट, कारण ७५ मायक्रोग्रॅम बहुतेक कंपन्यांची जांभळीच असते, पण वरचा छाप वेगळा. कंपनी बदलली होती आणि कोणी सांगितलंही नव्हतं. ह्या औषधात डोसचा थोडासा फरकही जाणवू शकतो म्हणून शक्यतो एकाच कंपनीची घ्या असं माझ्या डॉक्टर पहिल्यापासून सांगतात. सप्टेंबरच्या शेवटी थायरॉईडची रक्ताची टेस्ट केली तर त्यातलं टीएसएच ०.२, नॉर्मलपेक्षा कमी. झालं, मी पेटले. ऑनलाइन फार्मसीला लांबलचक तक्रार लिहायला घेतली, दोन पॅरा लिहूनही झाले. सकाळी डॉक्टरांचा फोन, आणि पहिला प्रश्न, बायोटिन घेतेस का. मी म्हटलं नाही. मग गमीची बाटली उलटी करून वाचली, त्यात बायोटिन ५,००० मायक्रोग्रॅम. ते रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या दाखवतं, एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०१७मध्येच इशारा दिलाय म्हणे. गमी बंद करून पुन्हा टेस्ट केली, नॉर्मल. तक्रारीचा ड्राफ्ट डिलीट केला. कंपनी न सांगता बदलली ही माझी तक्रार कायम आहे, पण ०.२ त्यांच्या माथी मारता येत नाही.

सगळ्यात मोठा पोपट मात्र ऑक्टोबरमध्ये झाला. ह्याला मुतखड्याचा त्रास झाला, रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं, बिल आलं, आणि डिडक्टिबल किती भरलं हे बघायला आम्ही पहिल्यांदा प्लॅनचे कागद नीट उघडले. ऑनलाइन, इन्शुरन्स न लावता घेतलेल्या औषधांचा एक सेंटही डिडक्टिबलमध्ये धरलेला नव्हता, कारण इन्शुरन्सला त्याचा पत्ताच नाही. हे मला अर्धवट माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढच्या पानावर. हा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "अगं, माझ्या दोन्ही गोळ्या ह्या लिस्टमध्ये आहेत. शून्य डॉलर."

आयआरएसने २०१९मध्ये परवानगी दिलीय की डायबेटिससारख्या आजारात काही औषधं हाय डिडक्टिबल प्लॅन डिडक्टिबलच्या आधीच देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच हवं असं नाही, त्यामुळे तुमच्या प्लॅनची प्रिव्हेंटिव्ह लिस्ट, म्हणजे अशा औषधांची यादी, बघा. आमच्या प्लॅनमध्ये मेटफॉर्मिनही होती आणि एटोरवास्टॅटिनही, नेटवर्कमधल्या फार्मसीत फुकट. मग जानेवारीत ५८ आणि ३४ कसे लागले? नवीन इन्शुरन्स कार्ड तेव्हा पोस्टातच होतं, काउंटरवरच्याने बिन-इन्शुरन्सची किंमत लावली, आणि मी तीच आपली किंमत धरून दहा महिने ऑनलाइन किती वाचवतेय ह्याच्या गमजा मारत होते. तीन ऑर्डरमध्ये २७ प्रमाणे ८१ डॉलर उगाच गेले. नोव्हेंबरला फक्त माझीच गोळी मागवली, १७ अधिक ५. माझं औषध प्लॅनच्या लिस्टमध्ये नाही, त्यामुळे माझ्यासाठी ऑनलाइनच परवडतं.

सासूबाई जूनमध्ये सांगलीहून आल्या तेव्हा माझ्यासाठी थायरॉईडच्या दोन बाटल्या घेऊन आल्या, तिकडे दोन-अडीचशे रुपयांत शंभर-एक गोळ्या. बऱ्याच जणी विचारतात ते पैसे एचएसएमधून घेता येतात का. नाही, परदेशातून आणलेलं किंवा मागवलेलं औषध बसत नाही. सुट्टीत तिथे असताना तिथे विकत घेऊन तिथेच खाल्लं, दोन्ही देशांत ते औषध कायदेशीर आहे, तर बसतं. त्यांची स्वतःची बीपीची गोळी इथे संपली तेव्हा ऑनलाइन फार्मसीने भारतातली चिठ्ठी घेतली नाही, अर्जंट केअरला नेऊन इथल्या डॉक्टरची घ्यावी लागली, आणि तो खर्चही एचएसएमधून नाही कारण त्या आमच्या टॅक्सवर डिपेंडंट नाहीत.

घ्यायचं असेल तर साइट प्रिस्क्रिप्शन मागते का आणि तुमच्या राज्याचं लायसन्स आहे का एवढं आधी बघा, न मागणारी असेल तर पळा. पहिल्या ऑर्डरला दहा दिवस हाताशी ठेवा, डॉक्टरच्या ऑफिसकडून प्रिस्क्रिप्शन जायलाच आमचे चार दिवस गेले.

गमीचे १२ डॉलर मी डिसेंबरमध्ये एचएसएच्या खात्यात परत भरले. चुकून काढलेले पैसे परत घ्यायचा एक फॉर्म असतो, आमच्या बँकेने घेतला, सगळ्याच घेतात असं नाही. आता एचएसएमधून किती काढले ते सांगणारा १०९९-एसए फॉर्म आला की टॅक्सबरोबर ८८८९ हा एचएसएचा फॉर्म भरायचा. गमीची बाटली अर्धी भरलेली आहे, लेक म्हणते चव छान आहे.